दुखत नाही, म्हणूनच दाखवा: मधुमेहातला पाय आणि न भरणाऱ्या जखमा

मधुमेहावरच्या व्याख्यानाला लोक येतात ते बहुधा साखरेबद्दल ऐकायला. भात सोडायचा का, आंबा चालतो का, गोळी जेवणाआधी की नंतर, असे प्रश्न असतात. आज आपण साखरेबद्दल थोडंच बोलणार आहोत. आजचा विषय आहे पाय, आणि पायाला झालेली, महिनोन् महिने न भरणारी जखम.

सुरुवातीलाच आजच्या बोलण्याचं सार सांगून टाकतो, म्हणजे कुणाला मध्येच उठावं लागलं तरी ते सोबत नेता येईल. ज्या जखमेमुळे पुढे पाय गमवावा लागतो, ती सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही. दुखत नाही म्हणून माणूस चालत राहतो, चालत राहतो म्हणून जखम भरत नाही. आपल्याकडे ‘दुखत नाही ना, मग राहू दे’ असं म्हणायची पद्धत आहे. मधुमेह असेल तर हे वाक्य उलटं करा: दुखत नाही, म्हणूनच दाखवा.

हा प्रश्न किती मोठा, आणि कुणाचा?

2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे. जागतिक अभ्यास सांगतात की मधुमेह असलेल्या शंभर माणसांपैकी 19 ते 34 जणांना आयुष्यात कधी ना कधी पायाला व्रण होतो. मधुमेहामुळे जे पाय कापावे लागतात, त्यांतल्या सुमारे 85 टक्के वेळा आधी पायावर एक लहानशी जखम झालेली असते. म्हणजे बहुतेकांना आधी इशारा मिळालेला असतो. तो वेळेत वाचणं हे आपलं काम.

आता कुंभारीपुरतं बोलू. इथे गोदूताई परुळेकर विडी घरकुल आहे. 2006 मध्ये विडी कामगार बायकांना इथे घरं मिळाली. नंतर रे नगर झालं, त्यातल्या 15,000 घरांचं लोकार्पण जानेवारी 2024 मध्ये झालं. विडी वळणाऱ्या, यंत्रमागावर उभं राहणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या, हातगाडी ओढणाऱ्या माणसांची ही वस्ती. पायाची जखम इथे दवाखान्यातला प्रश्न म्हणून सुरू होत नाही, ती मजुरीचा प्रश्न म्हणून सुरू होते. ‘चार आठवडे पायावर भार नको’ हे डॉक्टरनं कागदावर लिहिणं सोपं आहे. ज्या घरात काम थांबलं की पगार थांबतो, तिथे ते पाळणं अवघड आहे. म्हणून उपचार सांगताना आपण हा भाग सोडून बोलणार नाही.

पाय बिघडतो कसा?

साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की दोन गोष्टी खराब होतात: मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या.

मज्जातंतू तीन प्रकारचं काम करतात आणि तिन्ही बिघडतात. पहिलं काम संवेदनेचं. ते गेलं की काटा टोचलेला, चपलेत खडा गेलेला, फरशी तापलेली कळत नाही. काही जणांना मुंग्या येतात, रात्री आग होते. काहींना ‘कापसावर चालल्यासारखं’ वाटतं. दुसरं काम स्नायूंना हुकूम देण्याचं. ते बिघडलं की बोटं वाकडी होतात आणि तळव्याच्या पुढच्या भागातली हाडं खाली दाबली जातात. तिसरं काम घामाचं. घाम थांबला की कातडी कोरडी पडते, टाचांना भेगा जातात आणि त्या भेगांतून जंतू आत शिरतात.

आता हे तिन्ही एकत्र करून पाहा. बोटांच्या मुळाशी एकाच जागी रोज दाब पडतो. शरीर तिथे जाड कातडी तयार करतं, आपण ज्याला घट्टा किंवा कुरूप म्हणतो ते. हा घट्टाच पुढे चपलेतल्या खड्यासारखं काम करतो. त्याच्या खाली रक्त साकळतं, पोकळी होते, आणि एक दिवस वरची कातडी फुटते. घरचे म्हणतात, ‘काल तर काहीच नव्हतं.’ खरं तर आत ते बऱ्याच दिवसांपासून चाललेलं असतं. घट्ट्यामध्ये काळपट डाग दिसला तर ती खाली रक्त साकळल्याची खूण समजा.

रक्तवाहिन्यांचं गणित वेगळं. त्या अरुंद झाल्या की जखम भरायला लागणारं रक्त पोचत नाही. तंबाखू यात भर घालते. विडी ओढणं तर आलंच, पण मशेरी लावणाऱ्या आणि तंबाखू खाणाऱ्यांनीही हे स्वतःला लावून घ्यावं.

कुष्ठरोगानं शिकवलेला धडा

डॉ. पॉल ब्रँड हे शल्यचिकित्सक 1946 मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये आले. कुष्ठरोग्यांच्या तळव्यांवरचे व्रण भरत नाहीत, कारण रोगामुळे मांसच सडतं, अशी तेव्हाची सर्वसाधारण समजूत होती. ब्रँड यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिलं की पाय प्लास्टरमध्ये नीट बसवला आणि दाब सगळ्या तळव्यावर वाटला गेला, तर हेच व्रण भरून येतात. म्हणजे मांस भरून यायला तयार होतं. वेदना नसल्यामुळे माणूस त्याच जखमेवर पुन्हा पुन्हा चालत होता, हे खरं कारण. ब्रँड पुढे अमेरिकेत लुइझियाना राज्यातल्या कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले आणि तिथून ही पद्धत मधुमेहाच्या पायासाठी जगभर गेली. तळव्यावरच्या अशा व्रणासाठी आज सर्वोत्तम मानलं जाणारं ‘टोटल कॉन्टॅक्ट कास्ट’ हे प्लास्टर या अनुभवातून पुढे आलं. मऊ मायक्रोसेल्युलर रबराची, म्हणजे एमसीआर चप्पलही त्याच परंपरेतली.

मलमांची नावं विचारणाऱ्यांना आम्ही ही गोष्ट मुद्दाम सांगतो.

तपासणी: घरी काय, दवाखान्यात काय

घरी करायची एक चाचणी अशी. तिला इप्सविच टच टेस्ट म्हणतात. ज्याला मधुमेह आहे त्याला डोळे मिटून आडवं व्हायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, अशा सहा बोटांच्या टोकांना आपल्या तर्जनीनं एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करा. दाबायचं नाही, टोचायचं नाही, घासायचं नाही. स्पर्श कळला की त्यानं ‘हो’ म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त स्पर्श कळले नाहीत, तर संवेदना कमी झाली आहे असं धरून दवाखान्यात दाखवा. पैसे लागत नाहीत, नातवंडंसुद्धा करू शकतात.

दवाखान्यात तीच गोष्ट नेमकेपणानं होते. 10 ग्रॅमचा मोनोफिलामेंट, म्हणजे ठरावीक दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू, तळव्याला लावतात. 128 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क अंगठ्याच्या हाडावर ठेवून कंप कळतो का ते पाहतात. पायाच्या दोन नाड्या बोटांनी चाचपतात, एक पावलाच्या वरच्या बाजूला आणि दुसरी आतल्या घोट्यामागे. नाडी नीट लागत नसेल तर डॉपलर यंत्रानं घोट्याजवळचा रक्तदाब मोजून त्याला दंडाच्या रक्तदाबानं भागतात. याला एबीआय म्हणतात. तो 0.9 पेक्षा कमी आला तर रक्तवाहिनी अरुंद आहे. पण मधुमेहात एक फसवणूक असते. रक्तवाहिन्यांच्या भिंतींत कॅल्शियम साचून त्या कडक होतात, दाबल्या जात नाहीत, आणि आकडा खोटाच चांगला येतो. 1.3 च्या वर आकडा आला तर खूश व्हायचं नाही, पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब मोजायला सांगायचा.

ही तपासणी किती वेळा करायची? संवेदना आणि नाड्या ठीक असतील तर वर्षातून एकदा. यांपैकी एक बिघडली असेल तर सहा ते बारा महिन्यांनी. दोन्ही बिघडल्या असतील, किंवा एका बिघाडासोबत पायाचा आकार बदलला असेल, तर तीन ते सहा महिन्यांनी. संवेदना किंवा रक्तपुरवठा बिघडलेला आहे आणि आधी व्रण झालाय किंवा बोट काढलंय, अशांनी एक ते तीन महिन्यांनी.

जखम दिसली की चार प्रश्न

आधी जखमेची जागा पाहा, ती बरंच सांगते. तळव्यावर हाडाच्या उंचवट्याखाली, भोवती घट्टा असलेली, न दुखणारी जखम बहुधा दाबाची. बोटांच्या टोकांवर, थंडगार पायावर, काळपट कडांची जखम रक्त कमी पडल्याची. नडगीच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या वर, भोवती कातडी काळवंडलेली आणि पाय सुजलेला, अशी जखम शिरांची. मागावर दहा-बारा तास उभं राहणाऱ्यांमध्ये ही तिसरी दिसते. तिला घट्ट पट्टी बांधून सूज उतरवावी लागते. मात्र पट्टीआधी धमनीचा रक्तपुरवठा तपासलाच पाहिजे, नाहीतर पट्टीच पायाचं नुकसान करेल.

मग चार प्रश्न, याच क्रमानं.

पहिला: रक्त पोचतंय का? अंगठ्याचा दाब 30 पेक्षा किंवा घोट्याचा 50 पेक्षा कमी असेल, तर रक्तवाहिन्यांचं चित्रण तातडीनं करून फुगा किंवा बायपास करता येतो का ते बघावं लागतं. रक्तच नाही तिथे मलमपट्टी कितीही चांगली असली तरी उपयोग नाही.

दुसरा: जंतुसंसर्ग आहे का? लाली, सूज, ऊब, दुखणं, पू यांपैकी दोन तरी खुणा असतील तर आहे. लाली जखमेच्या कडेपासून दोन सेंटिमीटर किंवा पुढे गेली, किंवा संसर्ग खोल शिरला, तर प्रकरण गंभीर होत चाललंय. जखमेत घातलेली निर्जंतुक सळई हाडाला लागली तर हाडापर्यंत संसर्ग गेल्याचा संशय घेऊन एक्स-रे काढतात. उलट, संसर्गाची एकही खूण नसेल तर अँटिबायोटिकची गरज नसते. ‘जखम आहे म्हणून गोळ्या’ हे बरोबर नाही. आणि वरवरचा पुसून घेतलेला नमुना फसवतो. जखम स्वच्छ करून खोलवरचं मांस तपासणीला पाठवायला हवं.

तिसरा: भार कुठे पडतोय? यावर आपण वेगळं बोलू.

चौथा: शरीरात भरून काढायची ताकद आहे का? साखर, हिमोग्लोबिन, मूत्रपिंड, आहारातली प्रथिनं. डाळ, अंडी, शेंगदाणे, दही हे घरातलंच आहे. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र प्रमाण डॉक्टरांना विचारून.

भार काढणं म्हणजे काय?

जखमेवरची मेलेली कातडी आणि घट्टा डॉक्टर किंवा प्रशिक्षित परिचारिका कापून काढतात, तेव्हा जखम आधीपेक्षा मोठी दिसते. घाबरू नका, ती तेवढीच होती, आता ती दिसली. फक्त रक्तपुरवठा फार कमी असलेलं कोरडं काळं बोट असं कापत सुटायचं नसतं. त्यानंतर पट्टी. जखम ना सुकी खडखडीत, ना पाण्यात भिजलेली, अशी ओलसर राहिली पाहिजे. कुठल्या कंपनीची पट्टी, हा नंतरचा प्रश्न.

आणि मग भार. गुडघ्यापर्यंतचं प्लास्टर किंवा तसाच बूट दाब संपूर्ण पायावर वाटतो. काढता येणारा बूट बरा वाटतो, पण 2003 मधल्या एका अमेरिकी अभ्यासात रुग्णांच्या दिवसभरातल्या पावलांपैकी फक्त 28 टक्के पावलं तो बूट घालून पडली होती. घरात आलं की बूट काढून ठेवला जातो, आणि घरातली पावलंही पावलंच असतात. म्हणून रक्त ठीक असेल आणि संसर्ग नसेल, तर न काढता येणारं साधन जास्त चांगलं.

आता मजुरीचं. विडी वळणारी बाई बसून काम करते, तेव्हा प्लास्टर घालूनही तिचं काम बंद पडायची गरज नसते. तिचं नुकसान होतं ते पाणी भरणं, विड्या जमा करायला चालत जाणं, बाजारहाट यांत. हे तीन फेरे सहा-आठ आठवडे घरातल्या दुसऱ्या कुणी उचलले, तर अर्धा उपचार झाला. मांडी घालून तासन् तास बसल्यानं बाहेरच्या घोट्यालाही घट्टा पडतो. तिथे जाड उशी घ्या, अधूनमधून पाय पसरा. मागावर उभं राहणाऱ्याचं तसं नाही, त्याला काम बदलून मागावं लागेल किंवा सुट्टी. तेव्हा डॉक्टरांकडून ‘विश्रांती घ्या’ एवढंच नको, किती आठवडे आणि कुठलं काम चालेल, असं लेखी मागून घ्या. मालकाला दाखवायला तोच कागद उपयोगी पडतो.

जखम सुधारते आहे हे कसं ओळखायचं? मोजून. दर आठवड्याला लांबी-रुंदी लिहा, मोबाइलवर त्याच अंतरावरून फोटो काढा. चार आठवड्यांत जखमेचं क्षेत्रफळ निम्म्यावर आलं नाही, तर आहे तेच पुढे चालू ठेवायचं नाही. चारही प्रश्न पुन्हा पहिल्यापासून विचारायचे.

थांबायचं नाही, त्याच दिवशी जायचं

बोट काळं किंवा निळं पडलं, घाण वास येतोय, थंडी वाजून ताप आला, लाली वर चढतेय, साखर अचानक वाढलीय, यातलं काहीही असेल तर सोमवारची ओपीडी धरायची नाही. आणखी एक फसवी गोष्ट: एक पाय अचानक सुजला, लाल झाला, दुसऱ्यापेक्षा गरम लागतोय, पण जखम नाही आणि दुखतही फारसं नाही. यात हाडं आतल्या आत ढासळत असू शकतात, याला शार्को फूट म्हणतात. चालणं थांबवून लगेच दाखवा.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*हळद, चुना, तंबाखूची पूड लावली तर चालते का? आमच्याकडे लावतात.*

उघड्या जखमेत नको. पूड बसली की जखमेचा तळ दिसत नाही, आणि चुन्यानं मांस भाजतं. कुरूप ब्लेडनं कापणं आणि कुरुपावरची औषधी पट्टी लावणं हेही नको, त्या पट्टीत आम्ल असतं. गरम पाण्याचा शेक तर अजिबात नको. बधिर पायाला चटका कळत नाही. स्वच्छ पाण्यानं धुवा, निर्जंतुक कापड ठेवा आणि दाखवायला या.

*कोजागरीला तुळजापूरला चालत जातो, अनवाणी. आता बंद करायचं का?*

श्रद्धा सोडा असं आम्ही म्हणणार नाही. पण संवेदना गेलेली असेल तर अनवाणी नको. सोलापुरातून तुळजापूरपर्यंत चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर होतात. मऊ, मागे पट्टा असलेली, आधी वापरून सरावाची झालेली पादत्राणं घाला, मोजे घाला, दर तासाला थांबून तळवे बघा. नवरात्रातलं अनवाणी राहणं आणि गड्ड्याच्या यात्रेत अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा यांनाही हेच लागू. उन्हाळ्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर तर मोजे हवेतच. आणि पायाला जखम असेल तर त्या वर्षी चालत जायचं नाही, गाडीनं जाऊन दर्शन घ्या.

*माझ्या सासूबाईंना बोट काढावं लागेल असं सांगितलंय. एकदा कापायला सुरुवात झाली की वर-वर जातं म्हणतात.*

बोट वेळेत काढल्यानं बऱ्याचदा पाऊल वाचतं. वर-वर जातं ते रक्तपुरवठा न सुधारता कापलं तर, किंवा फार उशीर झाल्यावर. म्हणून एक प्रश्न जरूर विचारा: ‘पायाच्या रक्तपुरवठ्याची तपासणी झाली का, आणि तो सुधारता येईल का?’ घोट्याच्या वर पाय काढायचा सल्ला मिळाला असेल तर हा प्रश्न विचारल्याशिवाय सही करू नका. अपवाद एकच, संसर्ग शरीरभर पसरून जीव धोक्यात असेल तर डॉक्टर सांगतील तेव्हा लगेच.

*जखम भरली. आता काय?*

आता खरं काम सुरू होतं. भरलेल्या शंभर व्रणांपैकी सुमारे चाळीस वर्षाच्या आत परत होतात. रोज रात्री तळवे बघा, स्वतःला दिसत नसेल तर आरसा ठेवा किंवा मुलाला सांगा. बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवा, तेल किंवा क्रीम टाचेला लावा, बेचक्यात नको. नखं सरळ कापा. चप्पल घालण्याआधी आत हात फिरवा. पांढरे मोजे घाला, रक्त-पू लगेच दिसतो. पायाला सूज असेल तर बायकांनी जोडवी काढून ठेवावीत, ती बोटात रुततात आणि कळत नाहीत. घरातसुद्धा चप्पल. अंगठ्याची चप्पल मात्र नको, कारण बधिर बोटांतून ती सुटते म्हणून माणूस बोटं आवळून चालतो आणि पट्टा बेचक्यात घासतो. आज घरी गेल्यावर ती सहा बोटांची चाचणी करा, आणि दोन स्पर्श चुकले तर या आठवड्यात दाखवून घ्या.